चित्राक्षरांमागचे अंगण

मोबाईलवरच्या चित्रांनी आमच्या पिढीची भाषा बिघडवली, अशी तक्रार वारंवार कानी येते. उत्तरपत्रिकेत कोणी हसरा चेहरा काढला, तर गुरुजनांनी रागवावे हे योग्यच. परंतु ही चित्रे अर्थशून्य आहेत, हे मात्र मला पटत नाही.

‘इमोजी’ हा शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचे काहीच नाते नाही. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो या कंपनीसाठी १७६ चित्रे केली. इतर जपानी कंपन्यांचेही संच होते. २०१० साली युनिकोडने अशा शेकडो चित्रांना जगभरच्या यंत्रांत स्थान दिले, आणि त्यांच्याबरोबर जपानी माणसाचे सणवारही आपल्या हाती आले!

बांबू व पाइनच्या फांद्यांची ती जुडी म्हणजे ‘कादोमात्सु’. नववर्षाला ती दारापुढे ठेवतात. दोन बाहुल्या आहेत ३ मार्चच्या, मुलींच्या सणाच्या. काठीवर फडफडणारे मासे ५ मेचे; प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्या कार्प माशासारखी मुले धीट व्हावीत, ही त्यामागची इच्छा. चिठ्ठ्या बांधलेला बांबू ७ जुलैच्या ‘तानाबाता’चा, त्या चिठ्ठ्यांवर लोक आपले मागणे लिहितात. लाल-पांढरा मनोरा हा १९५८ साली उभा राहिलेला, ३३३ मीटर उंचीचा तोक्यो टॉवर. आणि ते पांढरे फूल? चांगल्या वहीवर जपानी शिक्षक मारतात तो ‘शाब्बास’चा शिक्का!

माझी आई शाळेत गेलेली नाही. ती मला मोबाईलवर जोडलेले हात पाठवते. जपानात हे हात विनंतीचे वा आभाराचे. आमच्या घरी ते नमस्काराचे आणि ‘नीट राहा’ या निरोपाचेही. जिला अक्षर लाभले नाही तिला ज्या लिपीने पत्र लिहू दिले, त्या लिपीला मी निरर्थक कसे म्हणावे?

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आमच्यासारखे विद्यार्थी घरच्या चालीरीती उंबऱ्याआत ठेवून वर्गात येतात; त्या चारचौघांत सांगण्यासारख्या वाटत नाहीत. जपानी लोकांनी मात्र दारची फांदी आणि वहीवरचा शिक्काही क्षुद्र मानला नाही. २०१९ साली पणती, साडी आणि रिक्षा यांनाही या चित्रांत जागा मिळाली. तेव्हा मित्रहो, चित्र जरूर पाठवा. पण ते कोणाच्या अंगणातून आले हे विचारा, आणि आपल्या अंगणाविषयी सांगायला संकोचू नका.

(द्वितीय वर्ष, कला)