टाइल वाजवून घ्या, बॉस!

माठ घेताना आपण टिचकी मारतो. कलिंगड कानाशी धरून थापटतो. मोबाइल घ्यायचा तर पन्नास रिव्ह्यू वाचतो आणि सेकंड हँड बाइक घ्यायची तर ओळखीच्या मेकॅनिकला मागे बसवून एक राउंड मारतो. आणि आयुष्यातली सगळ्यात महागडी खरेदी? ती रविवारी दुपारी, सॅम्पल फ्लॅटच्या एसीत, वेलकम ड्रिंकचे घोट घेत, वीस मिनिटांत! 'व्ह्यू मस्त आहे ना?' 'हो, आणि मॉड्युलर किचनसुद्धा!' झालं. चेकबुक बाहेर.

मंडळी, आजचा विषय थोडा अनरोमँटिक आहे. विषय आहे होम इन्स्पेक्टरचा. म्हणजे तुमच्या वतीने, तुमच्या पैशाने, तुमचं होऊ घातलेलं घर टाइलपासून टाकीपर्यंत तपासून लेखी रिपोर्ट देणारा माणूस. परदेशात ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत घर घेण्याआधी इन्स्पेक्शन करून घेणं अगदी नेहमीचं, आणि तिथल्या अनेक राज्यांत त्यासाठी लायसन्सही लागतं. आपल्याकडे मात्र 'अरे, त्यात काय बघायचं? नवीनच तर आहे!'

गावाकडचा फंडा

जरा बुलडाणा जिल्ह्यात जाऊन येऊ. मोताळा तालुक्यात, घाटाखाली, रोहिणखेड नावाचं गाव आहे. इतिहासात डोकावलं तर हे गाव साधंसुधं नाही. १४३७ आणि १५९० अशा दोन लढाया इथे झाल्या. १५८२ साली खुदावंद खान महदवीने इथे एक देखणी मशीद बांधली. सव्वाचारशेहून जास्त पावसाळे झाले त्याला!

पण आपला मुद्दा इतिहासाचा नाही, मातीचा आहे. हा सगळा पट्टा कापसाच्या काळ्या मातीचा. पीक घ्यायला सोनं आणि घर बांधायला डोकेदुखी. पावसात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. वर बांधलेलं जोतंही तिच्याबरोबर वर-खाली होतं आणि भिंतीला तडे जातात. हे तिथल्या कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा. म्हणून तर पाया खणताना 'मुरूम लागला का?' हा प्रश्न घरमालक पहिल्यांदा विचारतो. इंजिनीअर मंडळीही तेच वेगळ्या भाषेत सांगतात. अशा जमिनीत पाया फुगणाऱ्या थराच्या खाली न्या, नाहीतर खाली फुगीर टोक असलेले खास पाइल घाला.

आता गंमत बघा. गावात घर बांधायला निघालं की तपासणारे किती असतात! बाप रोज सकाळी साइटवर. काका विटा मोजतोय. शेजारचे आजोबा पारावरून येता-येता ओळंबा बरोबर आहे का ते डोळ्यांनीच बघतात आणि 'काहून बे, सिमेंट कमी टाकून राह्यला काय?' असं मिस्त्रीला तोंडावर विचारतात. भिंतीवर पाणी मारलं की नाही, यावर घरातली आजी लक्ष ठेवते. फुकटचे चार-पाच इन्स्पेक्टर, तेही सहा महिने!

आणि त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी मलकापूरला गाडीत बसून पुण्याला येते, आयटीत लागते, तिशीच्या आत सातव्या मजल्यावर टू बीएचके बुक करते. तेव्हा पाया बघायला कोणी नसतं, स्लॅब पडताना कोणी नसतं, गिलाव्याच्या आत काय दडलंय ते विचारायलाही कोणी नसतं. आजोबांची ती जागा रिकामी असते. होम इन्स्पेक्टर म्हणजे दुसरं काय? भाड्याने घेतलेले आजोबा! फक्त त्यांच्या हातात ओळंब्याच्या जोडीला मॉइश्चर मीटर असतो.

जरा हिशेब करू या

समजा फ्लॅट ६० लाखांचा. १० लाख डाउन पेमेंट. त्यात तुमचं सेव्हिंग किती आणि बाबांनी मोडलेली एफडी किंवा विकलेला शेताचा तुकडा किती, ते तुमचं तुम्हाला माहीत. उरलेलं ५० लाखांचं लोन, ८.५ टक्के, २० वर्षं. ईएमआय येतो साधारण ४३,४०० रुपये. म्हणजे २० वर्षांत बँकेला परत करायचे १ कोटी ४ लाखांच्या आसपास. पुण्यात स्टँप ड्युटी ७ टक्के धरली तर ती ४ लाख २० हजार. शिवाय रजिस्ट्रेशन, इंटिरिअर, वास्तुशांत, जेवणावळ.

या यादीत वास्तुतज्ज्ञाची फी बऱ्याचदा असते. टॉयलेट ईशान्येला नको, हे सांगायला आपण पैसे मोजतो. पण तेच टॉयलेट खालच्या मजल्यावर गळतंय का, हे सांगणाऱ्याला द्यायला खिशात हात जात नाही! इन्स्पेक्शनची फी बहुतेक ठिकाणी घराच्या स्क्वेअर फुटांवर ठरते. एकूण खर्चापुढे ती रक्कम किरकोळच असते. एखाद्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायची वेळ आली, की तोडफोड, टाइल्स, मजुरी आणि खालच्या शेजाऱ्यांचं बोलणं... सगळं मिळून कितीला पडतं, ते भोगलेल्या कुणालाही विचारा.

'बँकेने बघितलंय ना!'

हा सगळ्यात पॉप्युलर गैरसमज. बँकेचा व्हॅल्युअर येतो, फोटो काढतो, जातो. पण तो कोणासाठी येतो? बँकेसाठी! लोन बुडालं तर हा फ्लॅट विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. मास्टर बेडरूमच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, याच्याशी बँकेला देणं-घेणं नाही. वकील टायटल बघतो, ब्रोकर कमिशन बघतो, बिल्डरचा सेल्स एक्झिक्युटिव्ह टार्गेट बघतो. घर बघणारा त्यात एकही नसतो.

हा माणूस बघतो तरी काय?

आधी साध्या गोष्टी. टाइल्स ठोकून बघतो, खाली पोकळी असेल तर आवाज बदलतो. बाथरूम आणि बाल्कनीचा उतार जाळीकडे आहे की दाराकडे, ते पाणी ओतून बघतो. सगळे नळ एकदम सोडून प्रेशर बघतो. खिडक्या-दारं नीट लागतात का, कोपरे काटकोनात आहेत का, भिंती ओळंब्यात आहेत का. प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावतो. करंट लीक झाला तर आरसीसीबी खरंच ट्रिप होतो का, तेही तपासतो.

मग जरा आतल्या गोष्टी. ताज्या रंगाखालची ओल डोळ्यांना दिसत नाही, मॉइश्चर मीटरला आणि थर्मल कॅमेऱ्याला कळते. बाथरूममध्ये चोवीस तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का, ते बघता येतं. तड्यांचीही भाषा असते. गिलाव्यातली केसासारखी रेघ वेगळी आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, रुंदावणारी चीर वेगळी. पहिलीला पुट्टी पुरते, दुसरीसाठी स्ट्रक्चरल इंजिनीअर गाठावा लागतो.

आणि हो, कार्पेट एरिया! रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. अॅग्रीमेंटमधला आकडा आणि लेझर मीटरचा आकडा जुळतो का, हे एकदा बघायला काय हरकत आहे? प्रत्येक स्क्वेअर फुटाचे पैसे मोजलेत तुम्ही!

नवीन म्हणजे मजबूत?

२४ ऑगस्ट २०२०. रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली. १६ जण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. १० फेब्रुवारी २०२२ ला गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधल्या एका पॉश सोसायटीत सहाव्या मजल्यावरचा स्लॅब खाली आला आणि त्यात दोघींचा जीव गेला. नंतर आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड सापडलं. आतल्या लोखंडाला गंजवणारं हे मीठ. म्हणजे हा फक्त स्वस्तातल्या घरांचा प्रॉब्लेम नाही.

घाबरवायचा हेतू नाही. एखादा इन्स्पेक्टर दोन तासांत प्रत्येक दुर्घटना टाळेल, असंही नाही. काँक्रीटच्या आतलं समजायला रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी अशा टेस्ट लागतात आणि त्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घ्यायच्या. पण 'इथे काहीतरी गडबड आहे, पुढे तपासा' हे कुणीतरी सही करण्याआधी सांगायला हवं की नको?

कागदपत्रांचं काम मात्र त्याच्यावर ढकलू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचे आदेश दिले. तिथल्या टाइल्स कितीही छान वाजल्या असत्या, तरी उपयोग शून्य! प्लॅन आणि ओसी खरी आहे का, हे महापालिकेकडूनच पडताळून घ्यायचं. टायटलसाठी वकील. घरासाठी इन्स्पेक्टर. दोघंही हवेत.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण...

१९६३ च्या मोफा कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरची जबाबदारी तीन वर्षं होती. रेराच्या कलम १४ मध्ये ती पाच वर्षं झाली. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरचा, कामाच्या दर्जाचा किंवा सोयीसुविधांचा दोष तुम्ही दाखवून दिलात, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाई मागायचा हक्क तुम्हाला आहे.

पण दोष दाखवायचा तर तो माहीत हवा! आणि तो तुमच्या इंटिरिअरवाल्याच्या ड्रिलमुळे झालेला नाही, हे सिद्धही करता यायला हवं. ताबा घेतानाचा, तारीख आणि फोटो असलेला रिपोर्ट हातात असला की पुढचा अर्धा वाद तिथेच संपतो. म्हणून इन्स्पेक्शन इंटिरिअरच्या आधी, आणि शक्यतो पझेशन लेटरवर सही करण्याच्याही आधी. ओसी आल्यावर ताबा घ्यायला रेरा दोन महिने देतो, तेव्हा 'उद्याच किल्ली घ्या, मुहूर्त चांगला आहे' या घाईला बळी पडू नका. यादी द्या, दुरुस्ती करून घ्या, मग पेढे वाटा.

रीसेलवाल्यांनो...

तुम्हाला तर याची जास्तच गरज. तिथे बिल्डरची जबाबदारी बऱ्याचदा संपलेली असते. विकणाऱ्याने दिलेला ताजा रंग म्हणजे मेकअप समजा. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. शेवटचा रिपोर्ट कधीचा, हे सेक्रेटरीला विचारा. उत्तर देताना ते छताकडे बघायला लागले, तर तुम्हीही छताकडे बघा!

फक्त आपला फ्लॅट बघून थांबू नका. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण गेले. तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या तोडफोडीवर बोट ठेवलं गेलं. तुमचं घर चौथ्या मजल्यावर असलं तरी ते उभं असतं खालच्या पिलरवरच.

माणूस निवडताना

आपल्याकडे होम इन्स्पेक्टरसाठी वेगळं सरकारी लायसन्स नाही. त्यामुळे व्हिजिटिंग कार्ड कोणीही छापू शकतो. तेव्हा एवढं बघा:

- सिव्हिल इंजिनीअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा आणि साइटवरचा अनुभव आहे का?
- आधीच्या कामाचा एखादा नमुना रिपोर्ट (नाव-पत्ता झाकून) दाखवतो का?
- वॉटरप्रूफिंग, रंगकाम किंवा इंटिरिअरचा धंदाही तोच करतो का? करत असेल तर नमस्कार करा. दोष शोधणारा आणि दुरुस्तीचं बिल लावणारा एकच नको.
- बिल्डरने किंवा ब्रोकरने सुचवलेला नको. फी तुम्ही देणार, तर माणूसही तुमचाच हवा.
- तपासणीच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. दोन तासांत तुम्हाला तुमचं घर जेवढं कळेल, तेवढं पुढच्या दोन वर्षांतही कळणार नाही.

बजेट अगदीच टाइट असेल, तर निदान एखाद्या सिव्हिल इंजिनीअर मित्राला चहा-वडापाववर घेऊन जा. आणि जमलं तर फ्लॅट धो-धो पावसात बघा. सेल्स एक्झिक्युटिव्ह लपवतो ते जुलै महिना दाखवतो.

'पण बिल्डरला वाईट वाटेल...' असं म्हणणारेही भेटतात. कमाल आहे! चांगल्या बिल्डरला तपासणीचं काही वाटत नाही, आणि ज्याला वाटतं त्याच्याबद्दल फुकटात माहिती मिळाली, असं समजा. इन्स्पेक्टरला आत सोडायलाच नकार आला, तर तोही एक रिपोर्टच आहे. एका वाक्याचा.

तेव्हा या वीकेंडला साइट व्हिजिट असेल तर वेलकम ड्रिंक जरूर प्या. टोकनच्या चेकवर सही मात्र टाइल वाजवून झाल्यावर!