मेन बंद करून दाखवा : बुलढाणा जिल्ह्यातील नागरिकांना जाहीर आवाहन



तेराही तालुक्यांतले ग्रामपंचायत सदस्य, सरकारी रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्या, खासगी दवाखाने चालवणारे डॉक्टर, नळयोजनेचे पंप सांभाळणारे कर्मचारी आणि ज्यांच्या घरी कुणी आजारी माणूस मशीनच्या आधारावर आहे ती कुटुंबे, या सगळ्यांना हे आवाहन आहे. मृग लागायच्या आत एक काम करून घ्या. आपल्या दवाखान्यातला जनरेटर मेन स्विच बंद करून, खऱ्या लोडवर, चार जबाबदार माणसांसमोर चालवून दाखवायला सांगा. डॉक्टर हजर असताना, रुग्णांना धोका होणार नाही अशी वेळ ठरवून. पण दाखवायला सांगाच.

हे आत्ताच का सांगतो आहे, त्यासाठी थोडे दूरचे बोलावे लागेल. 21 मार्च 2025 रोजी लंडनचे हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिले. आदल्या रात्री उशिरा विमानतळाजवळच्या नॉर्थ हाइड वीज उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर पेटला. तेराशेहून अधिक उड्डाणे विस्कटली, दोन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच मुंबईला परतले. एवढ्या मोठ्या विमानतळावर जनरेटर नव्हते का? होते. धावपट्टीचे दिवे आणि नियंत्रण मनोरा यांच्यापुरती सोय होती आणि ती ठरल्याप्रमाणे चालूही झाली. विमानतळाला तीन ठिकाणांहून वीज येते. त्यातली दोन ठिकाणे शाबूत होती. पण बंद पडलेल्या ठिकाणचा भार उरलेल्या दोन्हींवर वळवायचा तर आतली जोडणी बदलावी लागते, आणि त्या कामाला दहा-बारा तास लागतात. दाराशी वीज उभी होती आणि ती आत घेता घेता दिवस गेला.

ब्रिटनची वीजयंत्रणा चालवणाऱ्या संस्थेचा चौकशी अहवाल जुलै 2025 मध्ये आला. ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमध्ये शिरलेला ओलावा हे आगीचे सर्वांत संभाव्य कारण, असे त्यात म्हटले आहे. तेलाच्या नमुन्यात हा ओलावा जुलै 2018 मध्येच दिसला होता. नोंद झाली, दुरुस्ती झाली नाही, आणि जवळजवळ सात वर्षे ते उपकरण तसेच चालत राहिले. विमानतळाने स्वतः करवून घेतलेल्या वेगळ्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. विमानतळाच्या मुख्य अधिकाऱ्याचा फोन त्या रात्री सायलेंटवर गेलेला होता आणि विमानतळ बंद ठेवण्याचा निर्णय दुसऱ्या अधिकाऱ्याला घ्यावा लागला. मुख्य माणूस हाताशी नसेल तर निर्णय कुणी घ्यायचा, हे आधी ठरलेले असावे लागते. आपल्याकडे रात्री दोन वाजता जनरेटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, हे किती रुग्णालयांत ठरलेले आहे?

अमेरिकेतल्या अटलांटा विमानतळावर 17 डिसेंबर 2017 रोजी अकरा तास अंधार होता, हजारावर उड्डाणे रद्द झाली. तिथे मुख्य केबल आणि पर्यायी केबल एकाच भुयारातून नेलेल्या होत्या. भुयारात आग लागली आणि दोन्ही एकदम गेल्या. आमच्याकडे दोन फीडर आहेत असे कुणी अभिमानाने सांगितले, तर ते दोन्ही एकाच उपकेंद्रातून, एकाच खांबांवरून येतात का, हे जरूर विचारा.

नीट तयारी असली की काय होते, तेही आपल्या राज्याने पाहिले आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या भागाची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले. मुंबईचे विमानतळ मात्र पर्यायी विजेवर चालू राहिले. आणि त्याच मुंबईत एप्रिल 2024 च्या शेवटी भांडुपमधल्या महापालिकेच्या प्रसूतिगृहात वीज गेली, मोबाइलच्या उजेडात सिझेरियन करण्यात आले आणि आई व बाळ दोघेही दगावले. जनरेटर तीन तास सुरूच झाला नाही, अशी नातेवाइकांची तक्रार होती.

आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान पकडायचे तर आपण छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठतो. पण लाइन जाणे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शेगाव-खामगावच्या पलीकडे पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे, मलकापूरच्या पलीकडे दीपनगरचे. तरी आपली लाइन जाते, कारण बिघाड बहुतेक वेळा अगदी शेवटच्या टप्प्यात असतो : तारेवर पडलेली बाभळीची फांदी, वावधानात वाकलेला खांब, तुटलेला जंपर, जळालेली डीपी. भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन जिवावर उदार होऊन काम करतो. त्याला लागणारा वेळ लागणारच. तेवढ्या वेळात रुग्ण जगवण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे, आणि दवाखान्याला जाब विचारण्याची आपली.

मला सर्वांत जास्त काळजी आहे ती सर्पदंशाची. पेरणीनंतरच्या रात्री, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. अनेकदा खूण दिसत नाही, सूजही येत नाही. पहाटेपर्यंत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर व्हेंटिलेटर लागतो, काही वेळा कित्येक दिवस. वेळेवर श्वास दिला तर तो माणूस बरा होऊन पुन्हा वावरात जातो. आता हे बघा : मण्यार चावण्याचे दिवस, वादळाने लाइन जाण्याचे दिवस आणि रस्ते बंद होण्याचे दिवस एकच आहेत. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने काय दैना केली, ते सातपुड्याच्या पायथ्याची गावे विसरलेली नाहीत. अशा रात्री व्हेंटिलेटरच्या आतली बॅटरी थोडा वेळ साथ देते. त्यानंतर जनरेटर, आणि जनरेटर फसला तर हाताने दाबायची अंबू बॅग. ती दाबायला माणूस हवा आणि ती कुठे ठेवली आहे हे त्याला अंधारात सापडायला हवे.

खारपाणपट्ट्यातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांचेही असेच आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागात असा रुग्ण असलेली घरे थोडी नाहीत. डायलिसिस चालू असताना रुग्णाचे रक्त मशीनच्या नळ्यांत असते. वीज गेली तर थोडा वेळ बॅटरी, नंतर हाताने पंप फिरवून ते रक्त शरीरात परत द्यावे लागते. नवजात बालकांच्या कक्षातले वॉर्मर वीज गेली की थंड पडू लागतात, आणि दीड किलोच्या बाळाला ऊब टिकवता येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी 2 ते 8 अंश तापमानात राहाव्या लागतात. त्यासाठीचा आयएलआर फ्रीज दिवसात आठ तास वीज मिळाली तरी तग धरतो, पण झाकण उघडले नाही तरच. दोन-तीन दिवस लाइन आली नाही तर त्या लसी कुठे हलवायच्या, हे केंद्रात लिहून ठेवलेले असले पाहिजे.

आणि समृद्धी महामार्ग. तो मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले, ती रात्र जिल्ह्याच्या काळजावर कोरलेली आहे. एका वेळी दहा-पंधरा जखमी येऊ शकतील अशा रस्त्यालगतच्या रुग्णालयांना अंधारात चाचपडणे परवडणार नाही. बुलढाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्याच्या अपेक्षा वाढल्या आहेत, आणि त्या वाढायलाच हव्यात.

चाचणी म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. बटण दाबून पाच मिनिटे रिकामा फिरवलेला जनरेटर काहीही सिद्ध करत नाही. धूर निघाला, आवाज आला, रजिस्टरवर सही झाली, एवढेच. मेन बंद केल्यावर किती सेकंदांत पुरवठा परत आला, तोवर यूपीएसने यंत्रे धरून ठेवली का, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, ऑक्सिजन यंत्रणा आणि पाण्याचा पंप एकदम चालू असताना जनरेटर अर्धा तास टिकला का, हे पाहायचे आहे. जनरेटर सुरू न होण्याचे नेहमीचे कारण फार साधे असते : स्टार्टरची बॅटरी उतरलेली. त्याखालोखाल टाकीत नसलेले किंवा जुने होऊन गाळ धरलेले डिझेल. आणि बरेचदा जनरेटर उत्तम चालतो, पण ज्या सॉकेटला व्हेंटिलेटर लावलाय तो सॉकेट जनरेटरच्या लाइनवर नसतोच. तिथे साहेबांच्या खोलीचा एसी असतो. जनरेटरवरच्या सॉकेटना लाल रंग द्या. प्रत्येक पाळीत निदान दोघांना मेनवरून जनरेटरवर चेंजओव्हर करता आला पाहिजे. चाचणीत काही बिघडलेले सापडले तर कुणावर राग काढू नका. ते दुरुस्त कधी होणार, ती तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला परत जा. नॉर्थ हाइडच्या ओलाव्याची नोंद जवळजवळ सात वर्षे पडून राहिली, तसे आपल्याकडे होऊ नये.

खासगी डॉक्टरांना हात जोडून विनंती. छोट्या दवाखान्यात मोठा जनरेटर परवडत नाही, हे कळते. पण प्रसूती किंवा शस्त्रक्रिया करत असाल तर इन्व्हर्टरवर काय चालते आणि काय चालत नाही हे आधी तपासा, आणि जे जमणार नाही तो रुग्ण वेळीच पुढे पाठवा.

गावपातळीवरही काम आहे. पंप बंद पडल्यावर टाकीतले पाणी किती वेळ पुरते, हे पंचायतीला माहीत हवे. वादळाचा इशारा आला की टाकी भरून ठेवा. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत संपते. 28 एप्रिल 2025 रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली तेव्हा कित्येकांचे फोनही बंद पडले. 108 ला फोनच लागत नसेल तर रुग्णाला कुणाच्या गाडीने न्यायचे, हे प्रत्येक वस्तीने आजच ठरवून ठेवावे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णांची घरे आशाताईंना माहीत असतात. त्या घरांत भरलेला सिलिंडर आहे का, एवढी चौकशी शेजाऱ्यांनी करावी.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नका. घरचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय थेट वायरिंगला जोडू नका. ती वीज डीपीतून उलटी तारेवर चढते आणि लाइन बंद आहे असे समजून काम करणारा लाइनमन मरतो. बंद खोलीत जनरेटर चालवू नका, त्याचा धूर झोपेतच जीव घेतो. तारेला लागलेली फांदीही स्वतः तोडू नका. आत्ताच, पावसाआधी, महावितरणला 1912 वर कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांना आमची जाहीर मागणी आहे : जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत प्रत्येक ठिकाणची लोडवरची चाचणी 31 मेपर्यंत पूर्ण करावी आणि निकाल त्या त्या रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावावा. चाचणीची तारीख, किती सेकंदांत वीज परत आली, डिझेल किती तासांचे आहे, रात्रीचा जबाबदार कर्मचारी कोण. एका फलकावर मावेल एवढी ही माहिती आहे. ती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. एरवी उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, पण जीविताशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देणे कायद्याने बंधनकारक आहे.

1 मे रोजी ग्रामसभा आहे. ‘आरोग्य केंद्राच्या पर्यायी विजेची चाचणी’ हा विषय आजच ग्रामपंचायत कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेला स्वतः हजर राहा. शहरातल्या मंडळींनी हाच विषय आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला लेखी द्यावा. ठराव झाला की त्याची प्रत घ्या, आणि चाचणीच्या दिवशी घड्याळ घेऊन तिथे उभे राहा.