पाटी नको, काटा दाखवा



बियाण्याच्या पाकिटावर एकरी किती क्विंटल छापले आहेत यावर आपला संसार चालत नाही. काट्यावर किती उतरले यावर चालतो. ‘शाश्वत विकास’ नावाच्या मालालाही हाच नियम लावायला हवा, असे आमचे मत आहे.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हे उत्तरेकडचे, वाढते शहर. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. हिवाळ्यात घर तापवल्याशिवाय माणूस जगत नाही. १९९० च्या दशकात या शहराने जुन्या गोदीची आणि कारखान्यांची दूषित जागा साफ करून तेथे हाम्मारबी शोस्ताद ही नवी वस्ती आखली. २००४ चे ऑलिम्पिक मिळवण्याचा बेत होता. ते अथेन्सला गेले, पण वस्ती झाली. त्या काळच्या नव्या बांधकामांपेक्षा निसर्गावर निम्माच भार टाकू, हा तिचा शब्द होता.

काही कामे खरोखर नामी झाली. सांडपाणी शुद्ध केल्यावर त्यातली ऊब यंत्राने काढून पुन्हा घरे तापवायला वापरतात. मैल्यापासून गॅस होतो, आपल्या गोबरगॅससारखाच. त्यावर बस चालतात, काही घरांतल्या शेगड्याही पेटतात.

पण पाटीवर लिहिले होते, दर चौरस मीटरला वर्षाकाठी विकतची ऊर्जा फक्त ६० युनिट. मोजणी झाली तेव्हा बहुतेक इमारती त्याच्या बऱ्याच वर निघाल्या. पाण्याचा देखावा दिसावा म्हणून मोठमोठ्या काचा बसवल्या होत्या, आणि काचेतून ऊब भिंतीपेक्षा लवकर पळते. आकडा चुकला, तरी घरे विकली गेली.

स्टॉकहोमचे मोठेपण यापुढचे आहे. त्यांनी चूक झाकली नाही. पुढच्या मोठ्या वस्तीसाठी ५५ युनिटांची अट घातली आणि बांधणाऱ्यांकडून मोजलेले आकडे मागितले. जुन्या वस्तीतल्या रहिवाशांच्या सोसायट्याही एकत्र येऊन आपला वापर कमी करायला लागल्या.

कुणी म्हणेल, त्यांचे भांडण थंडीशी, आपले उन्हाशी. खरे आहे. पण उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, एवढाच तिचा कायदा. जी भिंत तेथे ऊब बाहेर जाऊ देत नाही, तीच विदर्भ-मराठवाड्यात ऊन आत येऊ देणार नाही. पिकात आच्छादन टाकतो तसेच हे घराचे आच्छादन. जाड मातीच्या भिंती आणि धाब्याचे छत हेच काम करीत होते. मातीच्या घरात परत जा, असे आम्ही म्हणत नाही. त्याची गळती, वाळवी आणि सारवण यांचा भार बायकांच्या पाठीवर पडतो, हे आम्ही पाहिले आहे. पण पातळ भिंत आणि उघडा स्लॅब किंवा टिनाचे छत याला ‘पक्के घर’ म्हणायचे, तर मे महिन्यात त्यात दुपारी बसायचे कुणी?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावाने एक स्लॅबचे, एक टिनाचे आणि एक धाब्याचे घर निवडावे. मे महिन्यात आठ दिवस, दुपारी चार आणि रात्री दहा वाजता, आतले तापमान वहीत लिहावे. ती वही पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. घरकुलाच्या नकाशात छताखालच्या तापमानाची अट मागायची असेल, तर आधी आपला काटा आपल्या हातात हवा.