गावात रेडिओ तपासायला गेलेले प्राध्यापक आता कुठे आहेत?

जून 2023 मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आदेश निघाला होता, आठवतंय? सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या बातम्या पुण्यातून हलवायचं ठरलं होतं. ओरड झाली, निर्णय थांबला. ओरड केली श्रोत्यांनी, पत्रकारांनी, पुढाऱ्यांनी. पत्रकारिता शिकवणारे प्राध्यापक? माझ्या पाहण्यात तरी एकाचंही निवेदन आलं नाही.

पूर्वी असं नव्हतं. 1956 साली आकाशवाणी आणि युनेस्कोने आपल्याच पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, ऐकून झालं की चर्चा, गावाचे प्रश्न परत केंद्राकडे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने हा प्रयोग तपासला. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओ नसलेली गावं, अशी तुलना केली. नुसता डबा ठेवून भागत नाही, ऐकून बोलणारी माणसं लागतात, हे पुराव्यानिशी दाखवलं. पुढे 1959 पासून ही मंडळं देशभर गेली.

आज काय आहे? वर्षातून एकदा विद्यार्थ्यांची स्टुडिओ भेट, गेटसमोर ग्रुप फोटो. बाकी प्रसार भारतीच्या स्वायत्ततेवर चर्चासत्रात इंग्रजी पेपर. मीही डिप्लोमाला 1990 चा कायदा पाठ केला होता. तो लागू व्हायला 1997 उजाडलं आणि पगाराचा पैसा आजही केंद्र सरकारकडूनच येतो. ज्याच्या हातात पैसा, त्याच्या हातात लगाम. हे वर्गात शिकवतात, बाहेर बोलत नाहीत. केंद्रावर भाषणाचं बोलावणं येतं, तिथे परीक्षक म्हणून खुर्ची मिळते. मग वाईटपणा कोण घेणार?

मान्य आहे, जागा रिकाम्या आहेत, निम्मे लोक तासिका तत्त्वावर राबतात. त्यांना दोष देत नाही. कायम नोकरीवाल्यांना मात्र विचारतो: तुमच्या जिल्ह्याचं आकाशवाणी केंद्र कोण ऐकतं, का ऐकतं, लोकांना काय हवंय, हे शेवटचं कधी विचारलंत?

प्रत्येक माध्यम विभागाने जवळचं एक केंद्र घ्यावं. विद्यार्थी गावोगाव पाठवावेत, श्रोत्यांना विचारावं आणि अहवाल मराठीत सगळ्यांसमोर ठेवावा. उद्या पुन्हा टाळं लावायला कोणी आलं, तर निदान हातात कागद असेल.

तुमच्या घरी आकाशवाणी लागते का? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. सुरुवात आपणच करू.