सहलीपूर्वी तिथी पाहा



शाळांच्या सहलींत घाटावरची कितीतरी मुले कोकणात समुद्र पाहायला जातात. आपली मुले पाठविण्यापूर्वी ही हकीकत जरूर वाचा.

नवोदय विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. तेथील नववीची काही मुले अदलाबदलीने एक वर्ष परप्रांतातील विद्यालयात शिकतात. हिंदी मुलखातून आलेला असा एक गट शनिवार-रविवारसाठी रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरला आला होता. मी तेव्हा तेथे एका बागायतदारांच्या सुपारीच्या बागेत होतो.

दुपारी साडेचारला त्यांचे गुरुजी वाट विचारायला आले. मुलांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. खडक कोरडे दिसत होते, म्हणून डोंगराभोवतीची प्रदक्षिणा लगेच उरकावी, असा बेत होता. ही वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते आणि ओहोटीलाच मोकळी असते.

बागायतदार काकांनी एवढेच विचारले, "गुरुजी, आज तिथी कोणती?"

द्वादशी होती.

"मग रात्री नऊला पूर्ण भरती. तीनलाच ओहोटी संपली, आता पाणी चढतंय. पोरांना खाली नेऊ नका."

मुले हिरमुसली. पण तासाभराने त्याच खडकांवर लाटा फुटताना वरून पाहिल्या, तेव्हा सगळी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, पाणी उतरत असताना, काकांनी स्वतः त्यांना फिरवून आणले.

काकांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. बाराची पाऊणपट नऊ. पौर्णिमा व अमावास्या पंधरा धरावी. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि दररोज वेळ पाऊण तासाने पुढे जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त ओढतेही. हा अंदाज आहे; नेमके काय ते स्थानिक कोळी बांधवांना विचारावे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्र जमतोच असे नाही. पाणी आत ओढू लागले तर किनाऱ्याकडे झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून ओढीबाहेर पडावे आणि मग वळावे.

सहलीची चिठ्ठी घरी आली की सही करण्यापूर्वी गुरुजींना तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी तिथी कोणती, मुले पाण्याजवळ किती वाजता जाणार आणि बरोबर गावचा माहीतगार माणूस कोण? पंचांग तर आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर असतेच.