सगळ्यांना सारखंच?

‘मी सगळ्यांना सारखंच शिकवतो,’ असं पहिली काही वर्षं मी छाती फुगवून सांगायचो. जात बघायची नाही, घर बघायचं नाही, सगळ्यांना एकच धडा. महाडात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

पोलादपूरच्या डोंगरात नेमणूक झाली. शिक्षक दोन, इयत्ता चार. माझ्या वर्गात धनगरवाड्यावरून उतरून येणारी एक पोरगी होती. ओढा चढला की तिची शाळा बंद. टाळेबंदीत मुंबईहून गावी परतलेला एक पोरगा होता. एबीसीडी तोंडपाठ, पण ‘क’ ओळखीचा नाही. आणि कातकरवाडीतला एक. दिवाळी झाली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर, पावसाच्या तोंडावर परत. चौथीत आला तरी वाचता येईना. आणि मी तिघांपुढं एकच धडा वाचत होतो. सारखाच!

ही कसली समता? हा माझा आळस होता, त्याला तत्त्वाचं नाव दिलं होतं इतकंच.

तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, “गुरुजी, अभ्यासक्रम पुरा करा. त्या पोरांचं असंच चालायचं.” तेव्हा मी गप्प बसलो. आज बोलतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. आमचा हजेरीपटही तसाच ठराव आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं पोराचं नाव पटावर आणलं. पण नाव पटावर आहे आणि अक्षर ओळखता येत नाही, तर त्याच्यासाठी तळं अजून बंदच आहे की!

कुणी म्हणेल, वेगवेगळं शिकवणं म्हणजे भेदभाव. अहो, पोराला वेगळ्या बाकावर बसवणं हा भेदभाव. ‘ह्याला एवढंच पुरे’ म्हणणं हा त्याहून मोठा. मुक्काम सगळ्यांचा एकच, प्रत्येकाला वाचता आलंच पाहिजे. तिथं मी तसूभर मागं हटणार नाही. पण निघायचं ज्यानं त्यानं आपल्या दारातून.

मग मी इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणं गट केले. भट्टीवरच्या त्या पोराला शंभर लिहिता येत नव्हतं, पण हजार विटांची मजुरी तो तोंडी सांगायचा. त्याचं गणित विटांपासून सुरू केलं. वाचन मात्र ‘वीट’, ‘माती’, ‘घर’ असं शब्दाशब्दानं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तो बापाबरोबर आला. हातात मुकादमाची चिठ्ठी, उचल आणि मजुरीचा हिशोब. माझ्यासमोर अडखळत, बोट ठेवून त्यानं ती वाचली. हिशोब खरा की खोटा, ती पुढची लढाई. पण त्या घरातल्या माणसानं तो पहिल्यांदा स्वतः वाचला होता. बाप नुसता चिठ्ठीकडं बघत राहिला.

साहेब, त्या पोरांचं असं चालत नाही. आपण चालवून घेतो.