बैसरनवर पहारा का नव्हता?

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या कुंभिवलीहून पनवेल फार लांब नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यांत आपल्या पनवेलचे एक गृहस्थ होते, डोंबिवलीचे तिघे आणि पुण्याचे दोघे होते. धर्म विचारून, बायकामुलांदेखत पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या. निःशस्त्र माणसांच्या या कत्तलीचे समर्थन कोणत्याही राजकीय गाऱ्हाण्याने होऊ शकत नाही.

मारेकऱ्यांना शिक्षा झाली. २८ जुलैला श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात तिघे मारले गेले आणि तेच बैसरनचे हल्लेखोर होते, असे गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. त्याआधी मे महिन्यात पाकिस्तानातल्या दहशतवादी तळांवर ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले होते. पण त्या दुपारी शेकडो पर्यटक असलेल्या कुरणात सुरक्षा दलाचा एकही जवान का नव्हता, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. पहलगाम काही बेसावध राहण्याजोगी जागा नव्हती. याच डोंगरांतून १९९५ साली ‘अल फरान’ या दहशतवादी गटाने परदेशी पर्यटक पळवले, ऑगस्ट २००० मध्ये पहलगामच्या तळावर अमरनाथ यात्रेकरूंचे हत्याकांड झाले. जून २०२४ मध्ये रियासीत यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला, त्याला तर वर्षही उलटले नव्हते.

तरीही पर्यटकांचे वाढते आकडे हाच काश्मीर शांत झाल्याचा पुरावा म्हणून देशभर मिरवला गेला. ज्याच्या येण्यावर सरकार आपले यश मोजते, त्याच्यावरच दहशतवादी नेम धरणार, हे ओळखायला गुप्तहेर लागत नाहीत. सुट्टीला गेलेल्या कुटुंबाला असा दाखला बनवायचा, तर त्याच्या रक्षणाची जबाबदारीही तेवढीच मोठी.

मृतांतला सव्विसावा माणूस स्थानिक घोडेवाला होता. पाहुण्यांना वाचवायला तो पुढे झाला, असे त्याच्या घरचे सांगतात. कर्जत तालुक्याला घोडेवाला म्हणजे काय, हे सांगायला नको. माथेरानला दस्तुरीपासून पुढे मोटार जात नाही, बैसरनलाही जात नाही. दोन्हीकडे घोड्याचा लगाम धरून चालणाऱ्याचे घर हंगामावर चालते. हल्ल्यानंतर काश्मीरमधली ४८ पर्यटनस्थळे बंद झाली आणि त्या माणसांचा हंगाम बुडाला. म्हणूनच इथे शिकणाऱ्या किंवा शाली विकणाऱ्या काश्मिरी मुलांवर या हल्ल्याचा राग काढणे आम्हाला सरळ अन्याय वाटतो.

जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी सुरक्षेतील त्रुटीची जबाबदारी जुलै २०२५ मध्ये स्वतःवर घेतली. पण त्या कबुलीने त्रुटी कोणत्या टप्प्यावर झाली, हे कळत नाही. महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या सहा मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये जाहीर केले, ते योग्यच झाले. आता याच सरकारने केंद्राला लेखी विचारावे: कुरण पर्यटकांसाठी खुले असताना तिथे पहारा न ठेवण्याचा निर्णय कोणाचा, आणि तो कोणत्या माहितीवर घेतला? उत्तर त्या सहा घरांना तर मिळावेच, विधिमंडळाच्या पटलावरही यावे.